झाडाची वाळलेली साल, औषधी उपयोगासाठी

माझ्या रक्तात साखर सापडली असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी विचारलं, "पुरावा काय?"

यात माझा दोष नाही. सत्तावीस वर्षं मी विमा कंपनीत दावे तपासतोय. समोरचा माणूस हात गळ्यात बांधून आला तरी हात उजवा की डावा आणि अर्जात कुठला लिहिलाय, हे पाहिल्याशिवाय मला त्याच्याबद्दल वाईट वाटत नाही. जळलेल्या गाड्या, फुटलेले नळ, चोरीला गेलेल्या आणि नंतर माळ्यावर सापडलेल्या सायकली, असं सगळं माझ्या टेबलावरून गेलंय. माझा कशावर चटकन विश्वास बसत नाही. निदान तोपर्यंत तरी बसत नव्हता.

डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तीन महिन्यांची सरासरी सहा पूर्णांक चार आहे, काका. साडेसहापासून आम्ही मधुमेह म्हणतो. तुम्ही उंबरठ्यावर आहात."

उंबरठ्यावर, म्हणजे अजून आत आलेलो नाही, हे मी मनात नोंदवून घेतलं. 'काका' हाही शब्द नोंदवून घेतला. डॉक्टर माझ्यापेक्षा फार तर पंधरा वर्षांनी लहान असतील, आणि बावन्न वर्षांच्या माणसाला काका म्हणायला वैद्यकीच्या अभ्यासक्रमात शिकवतात की काय कोण जाणे.

"तीन महिने देतो," ते म्हणाले. "साखर बंद, बिस्किटं बंद, रोज अर्धा तास चालणं. आकडा खाली आला तर उत्तमच. नाहीतर गोळी सुरू करू."

"किती दिवस घ्यावी लागेल?"

डॉक्टर नुसतेच हसले. तसलं हसू मी ओळखतो. नाकारलेल्या दाव्याचा माणूस "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू का?" असं विचारतो तेव्हा मी तसाच हसतो.

गोळीबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या कार्यालयात दुपारी जेवताना खिडकीजवळच्या टेबलावर काही मंडळी बसतात. प्रत्येकाकडे सात कप्प्यांची प्लास्टिकची डबी. जेवणाआधी एक, जेवणानंतर एक, आणि मधल्या वेळात एकमेकांचे आकडे विचारायचे. या टेबलाला 'गोळीबार मंडळ' हे नाव मीच ठेवलं होतं आणि त्यावर दहा वर्षं हशे वसूल केले होते. आता तीन महिन्यांत आकडा उतरला नाही तर माझा डबा उचलून मला तिथे जाऊन बसावं लागणार होतं, आणि ते लोक माझ्यासाठी आनंदाने सरकून जागा करणार होते. आणि खरं सांगायचं तर यापलीकडेही काहीतरी होतं. मी घाबरलो होतो. एकदा गोळी सुरू झाली की आपली उतरण सुरू झाली, असं कुठेतरी मनात बसलं होतं. हे मी कुणाला बोललो नाही. बायकोला तर मुळीच नाही.

बायकोने बातमी ऐकली आणि ती तडक स्वयंपाकघरात गेली. पाच मिनिटांत साखरेचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. घरातली बिस्किटं, जॅम, केकचे उरलेले तुकडे, चॉकलेटं, सगळं एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात बंद झालं आणि डब्यावर चिठ्ठी लागली, 'यांना नाही'.

"अगं, मग ते टाकून तरी दे," मी म्हणालो. "समोर दिसलं की जीव तुटतो."

"चांगलं अन्न टाकायचं कशाला? मी संपवीन हळूहळू. तुम्ही आधी चालायला लागा."

मी दोन दिवस चाललो. पण बिनकामाचं चालणं मला जमत नाही. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण "कुठे निघालात?" म्हणून विचारतो, आणि प्रतिष्ठित माणसाने त्यावर "कुठेच नाही" असं उत्तर कसं द्यायचं? पहिल्या दिवशी एका गृहस्थाला मी टपालपेटीकडे निघालोय असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच गृहस्थाने "कालचं पत्र पडलं नाही का?" असं विचारलं. तिसऱ्या दिवसापासून मी घरी बसलो.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. त्यांना सगळे पाठीमागे सर्वज्ञ म्हणतात. एकदा माझ्या बायकोच्या तोंडून ते समोरच निघून गेलं, तर ते रागावले नाहीत, उलट "लोक म्हणतात खरं तसं," असं म्हणाले. ते दिवसभर जिन्याखालच्या टपालपेट्यांपाशी उभे असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वळण लावतात. मला पाहताच त्यांनी विचारलं, "किती निघाली?"

"काय किती?"

"साखर. वहिनींनी काल दुकानात बिनसाखरेची बिस्किटं आहेत का म्हणून विचारलं, तेव्हाच मी ओळखलं. गोळी घेऊ नका. दालचिनी घ्या."

"दालचिनी?"

"पण कुठली?" सर्वज्ञांनी बोट वर केलं. "इथेच जग फसतं. दालचिनीत दोन मुख्य जाती. तुमच्या घरात असते ती जाड. एकच जाड पापुद्रा, लाकडासारखा कडक. दुसरी पातळ. कागदाच्या सुरळीत सुरळी घालावी तशी, हाताने चुरता येते, रंगाने फिकी, चवीला सौम्य. जाड दालचिनीत कुमारिन नावाचं द्रव्य असतं. रोज चमचा-चमचा खाल तर यकृताला भारी पडेल. पातळ दालचिनीत ते नावापुरतं. साखर जायची तर पातळ दालचिनीनं जायची."

"पुरावा काय?" मी सवयीने विचारलं.

"माझे साडू," सर्वज्ञ म्हणाले.

साडू हा पुरावा होऊ शकत नाही, हे सत्तावीस वर्षांच्या अनुभवावरून मला माहीत होतं. पण माणूस घाबरला की त्याला साडूसुद्धा चालतो. मी वर आलो, बायकोचा मसाल्याचा डबा उघडला आणि दालचिनीचा तुकडा खिडकीत नेऊन भिंगातून पाहिला. जाड होती. एकच पापुद्रा, लाकडासारखा कडक. इतकी वर्षं आमच्या घरात चुकीची दालचिनी नांदत होती आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे गेलो. "पातळ दालचिनी आहे?"

"आहे की," तो म्हणाला आणि जाड दालचिनीचेच बारीक तुकडे काढून दिले.

"ही जाड आहे."

"मग अजून बारीक करून देऊ?"

मी नाद सोडला. पातळ मिळेपर्यंत जाड दालचिनीवर काम भागवावं म्हणून पूड करून चमचाभर पाण्यात टाकली. दालचिनी पाण्यात विरघळत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती आधी वर तरंगते, मग बुळबुळीत होते आणि मग घशाला धरून बसते. दुसऱ्या दिवशी मी पाण्याची भानगड नको म्हणून कोरडीच तोंडात टाकली आणि नेमका तेव्हाच कार्यालयात साहेबांनी काहीतरी विचारलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं तर तपकिरी ढग बाहेर पडला. साहेबांच्या शर्टावरचे डाग धुऊनही गेले नाहीत, असं ते अजून सांगतात. त्यांनी दावा केला तर तो मी नामंजूर करीन.

आठवड्याभराने डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "काका, दालचिनीवर अभ्यास झालेत. काहींत साखर थोडी उतरली, काहींत काहीच झालं नाही. माणसं थोडी, दिवस थोडे, मात्रा वेगवेगळ्या. त्यातही बरेच जाड दालचिनीवर झालेले. आणि जाड तुम्ही चमचाभर रोज घेताय ते आधी बंद करा, यकृताला बरं नाही. पातळ तशी सौम्य, पण तिच्याने साखर उतरते असं मी तुम्हाला छातीठोकपणे नाही सांगू शकत. तुम्ही चालताय ना?"

म्हणजे जिच्याकडे थोडाफार पुरावा होता तिच्यावर आरोप होता, आणि जी निर्दोष होती तिच्याकडे साक्षीदार नव्हता. असा दावा टेबलावर आला असता तर मी तो "अधिक माहितीसाठी परत" असा शेरा मारून पाठवला असता. पण यावेळी दावेदार मीच होतो. मी चालण्याबद्दल गुळमुळीत काहीतरी बोललो आणि त्याच संध्याकाळी परदेशातून पातळ दालचिनी मागवली. अर्धा किलो.

"अर्धा किलो?" बायको म्हणाली. "अहो, आपल्याला वर्षाला दोन काड्या लागतात."

"प्रयोग आहे हा. प्रयोगाला माल कमी पडून चालत नाही. आणि दालचिनी न घेणारं एक माणूसही लागतं, तुलनेला. ते तू."

"म्हणजे मी काय करायचं?"

"काहीच करायचं नाही. शेवटी माझ्याबरोबर एकदा रक्त द्यायचं, बस."

"मला सुई नको."

"एक सुई फक्त. विज्ञानासाठी." ती डब्यातलं बिस्किट खात होती, त्यामुळे तिने मानेनेच हो म्हटलं.

मागणीबरोबर एक अर्ज भरायचा होता. त्यात चौकट होती, 'वस्तूचे वर्णन'. आता ही चौकट म्हणजे माझा प्रांत. लोक अशा चौकटीत काय वाटेल ते खरडतात. 'गाडी', 'नळ', 'नुकसान' असलं काहीतरी. मी त्यांना आयुष्यभर सांगत आलोय की नेमकं लिहा, जे आहे ते लिहा. म्हणून मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'झाडाची वाळलेली साल, औषधी उपयोगासाठी'. लिहून झाल्यावर जरा लांब धरून वाचलं. एका ओळीत इतकं निर्दोष वर्णन मी क्वचितच पाहिलंय.

तीन आठवड्यांनी घरी सूचना आली. पार्सल आलेलं आहे, ते अडवण्यात आलेलं आहे, समक्ष भेटावे.

सूचनेतलं सीमाशुल्क कार्यालय माझ्या कार्यालयापासून वीस मिनिटांच्या अंतरावर, जुन्या पुलापलीकडे. बस वळसा घालून जाते आणि गाडी लावायला जागा नाही, म्हणून दुपारच्या सुट्टीत चालत गेलो. पार्सल विभाग तळघरात होता. तिथला कारकून काचेमागे बसून सफरचंद कापत होता. त्याने कागद पाहिला आणि चाकूच्या टोकाने माझं वर्णन दाखवलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मी अभिमानाने म्हणालो.

"झाडाची आहे म्हणता, म्हणजे वनस्पती तपासणी. सहावा मजला. साल म्हणजे लाकडाचा भाग, तेव्हा कीड नसल्याचा दाखला. तोही सहावा मजला. औषधी म्हणता, तर औषध विभागाचं ना-हरकत पत्र. ते समोरच्या इमारतीत, पण त्याचा अर्ज सहाव्या मजल्यावर मिळतो. आणि प्रत्येक कागदावर शिक्का इथे, माझ्याकडे."

"लिफ्ट कुठे आहे?"

"आहे की. बंद आहे."

सहावा मजला म्हणजे एकशे वीस पायऱ्या. मी मोजल्या, कारण चौथ्या मजल्यापाशी थांबल्यावर दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. वर वनस्पती तपासणी अधिकारी बाई बसल्या होत्या. चष्मा, त्यावर आणखी एक भिंग, आणि टेबलावर कुंड्यांची रांग. त्यांनी अर्ज पुढे ओढला.

"साल काढली तेव्हा झाड जिवंत होतं का?"

"मी तिथे नव्हतो."

"खोडाची की फांदीची?"

"माहीत नाही."

"मातीत लावणार आहात?"

"खाणार आहे."

बाईंनी भिंग वर केलं. "अर्जदार, खाणार असाल तर ते अन्न. पण तुम्ही औषध लिहिलंय. खाण्याचं औषध असेल तर खाली जाऊन तसा शिक्का आणा. आणि ही हमी भरा."

हमीपत्रात लिहिलं होतं, 'सदर साल मी कोणत्याही झाडास पुन्हा लावणार नाही.' मी सही केली. खाली गेलो. शिक्का घेतला. वर आलो तोवर त्यांची अर्जदारांना भेटण्याची वेळ संपली होती. साडेबारा ते एक.

यानंतर माझं आयुष्य त्या जिन्यावर गेलं. दुपारच्या सुट्टीत डब्यातले चार घास उभ्याउभ्या खायचे, पुलावरून झपाझप चालत जायचं, तळघरात उतरायचं, सहाव्या मजल्यावर चढायचं, एक कागद कमी निघाला म्हणून पुन्हा उतरायचं, पुन्हा चढायचं. आठवड्यातले चार दिवस हेच. बाई दरवेळी पार्सलमधून एक नमुना काढायच्या. तो नमुना कुठे जायचा ते मला कधी कळलं नाही, पण त्या मजल्यावरच्या चहाला पाचव्या आठवड्यापासून दालचिनीचा वास येऊ लागला होता. मी याबद्दल ताकास तूर लागू दिली नाही. समोरच्याच्या हातात कागद असतो तेव्हा वासांबद्दल बोलायचं नसतं.

सहाव्या आठवड्यात मी तळघरातल्या कारकुनापुढे हात टेकले. "अहो, पण लोक मसाले मागवतात. ते कसे सोडवतात?"

"ते 'मसाला' लिहितात," तो म्हणाला. "मसाला लिहिलं असतं तर त्याच दिवशी घरी गेलं असतं पार्सल."

"मग आता दुरुस्त करता येईल?"

"येईल ना. वर्णनदुरुस्तीचा अर्ज. सहावा मजला. फक्त त्यात आधीचं वर्णन चुकीचं होतं असं कबूल करावं लागेल."

ते मात्र शक्य नव्हतं. माझं वर्णन चुकीचं नव्हतं. ते इतकं बरोबर होतं की त्याखाली मीच चिरडला जात होतो, पण चुकीचं नव्हतं.

त्याच दिवशी वर बाईंनी मला विचारलं, "तुम्ही त्या विमा कंपनीत आहात ना? दोन वर्षांपूर्वी माझ्या स्कूटरवर झाड पडलं होतं. तुमच्या अर्जात 'पडलेल्या वस्तूचे वर्णन' अशी चौकट होती. मी लिहिलं. झाडाची जात, अंदाजे वय, बुंध्याला लागलेल्या बुरशीचा प्रकार. दीड पान झालं. तुम्ही शेरा मारून परत पाठवलंत, 'वर्णन चौकटीबाहेर गेल्याने ग्राह्य नाही'."

तो दावा मला आठवत होता. शेऱ्यावर मी त्या दिवशी खूषही झालो होतो.

"म्हणजे तुम्ही आता..."

"छे," बाई म्हणाल्या. "मी नियमानेच चाललेय. तुम्हीही नियमानेच चालला होतात. शिक्का थोडा तिरका आलाय. खाली जाऊन सरळ आणा."

मी एकशे वीस पायऱ्या उतरलो. कुठेतरी तिसऱ्या मजल्यापाशी मला सत्तावीस वर्षांतली सगळी माणसं आठवली, ज्यांना मी "सरळ करून आणा" म्हणालो होतो. ती सगळी कुठल्या ना कुठल्या जिन्यावरून उतरली असतील. मला अगदी मनापासून लाज वाटली. पण शिक्का तर आणायलाच हवा होता.

या सगळ्यात घराकडे लक्ष द्यायला मला फुरसत नव्हती. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. अपमानाने माणूस वाळतो असं मी बायकोला म्हणालो. तीही हल्ली दमलेली दिसायची. चार पायऱ्या चढली की कठड्याला धरून उभी राहायची, आणि पाण्याची बाटली तिच्या हातातून सुटत नसे. माझ्या काळजीने तिची ही दशा झाली असं समजून मला वाईट वाटायचं, आणि थोडं बरंही वाटायचं. पत्र्याच्या डब्यातली पातळी रोज खाली जात होती. त्याचं तर मला नुसतं दुःख होतं.

"सुटलं का हो पार्सल?" सर्वज्ञ रोज विचारायचे.

"सुटेल."

"साडूंनी तर कधीच सोडली," ते एकदा म्हणाले.

"काय सोडली?"

"दालचिनी. आता गोळी घेतात. चांगलं वाटतंय म्हणाले."

मी टपालपेटीला टेकून उभा राहिलो. इतक्या महिन्यांचा माझा एकमेव साक्षीदार फिरला होता, आणि मी निम्म्या जिन्यात लटकत होतो.

तीन महिने भरायला दोन दिवस असताना पार्सल सुटलं. बाईंनी स्वतः दाखला हातात दिला. अर्ध्या किलोतून नमुने जाता जाता सात काड्या उरल्या होत्या. दाखल्याखाली अधिकृत निष्कर्ष होता. मी तो जिन्यावर उभा राहून वाचला, मग पुन्हा वर चढलो.

"बाई, यात 'जाड जात' लिहिलंय."

"हो. विकणाऱ्याने फसवलंय तुम्हाला. सुरळी करून पातळ दालचिनीसारखी दिसावी अशी केलीय, पण भिंगाखाली लपत नाही. तुमच्या घरी मसाल्याच्या डब्यात असते ना, तीच ही." त्या पहिल्यांदाच जरा हसल्या. "वर्णन मात्र तुमचं अचूक होतं. झाडाची वाळलेली साल."

ठरल्याप्रमाणे आम्ही दोघांनी रक्त दिलं आणि दोन दिवसांनी डॉक्टरांपुढे बसलो. सात काड्या माझ्या खिशात होत्या. का घेऊन गेलो होतो कोण जाणे. डॉक्टरांनी पहिला कागद उघडला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"पाच पूर्णांक आठ! काका, कमाल केलीत. गोळीची गरज नाही. काय केलंत?"

मी "दालचिनी" म्हणायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की पहिला आठवडा सोडला तर मी एक कणसुद्धा खाल्ला नव्हता. मी मनातल्या मनात मोजलं. छत्तीस खेपा. प्रत्येक खेपेला चाळीस मिनिटं चालणं. दोनदा तरी तळघरापासून सहावा मजला. चार घासांचं जेवण.

"चाललो," मी म्हणालो. "कामानिमित्त."

डॉक्टरांनी दुसरा कागद उघडला. यावेळी भुवया जागेवर राहिल्या. त्यांनी तो दोनदा वाचला, मग खुर्ची जरा बायकोच्या बाजूला वळवली.

"काकू, तुमचा आकडा सात पूर्णांक सहा आहे. हल्ली तहान फार लागते? दमायला होतं?"

बायकोने हातातली पाण्याची बाटली हळूच पर्समध्ये ठेवली.

"पुन्हा एकदा तपासून खात्री करून घेऊ. पण घाबरायचं कारण नाही, लवकर कळलंय. तुमची गोळी मात्र सुरू करावी लागेल. आणि चालणं."

आम्ही रस्त्यावर आलो. माणसाच्या हाताच्या पट्टीवरून त्याचा खोटेपणा ओळखणारा मी. आणि घरातली तहान, घरातला थकवा, रोज खाली जाणारा डबा, सगळे पुरावे तीन महिने डोळ्यांसमोर मांडून ठेवलेले असताना मी ते माझ्या काळजीच्या नावावर नोंदवले होते.

"तुमच्या प्रयोगात काहीच न घेणारी ती मी ना?" ती म्हणाली.

"हो."

"मी सगळंच घेत होते. तुमच्या वाटणीचंसुद्धा. टाकवत नव्हतं हो. आणि तुम्ही रोज इतके वाळत चाललेले. तुम्हाला काही झालं तर या विचाराने बसले की हात डब्यात जायचा."

मी भर रस्त्यात तिचा हात धरला. आमच्या वयाची माणसं रस्त्यात हात धरत नाहीत, आणि समोरून नेमके सर्वज्ञ येत होते. पण मी सोडला नाही. "तू भ्यायली होतीस," मी म्हणालो. "मीही भ्यालो होतो. सांगायला हवं होतं मी."

"कुठे निघालात?" सर्वज्ञांनी विचारलं.

"कुठेच नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळेला मी माझा डबा उचलून खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसलो. मंडळी आनंदाने सरकली. मी त्यांना विचारलं, सात कप्प्यांची डबी कुठे मिळते, गोळी जेवणाआधी की नंतर, पहिल्या आठवड्यात पोट बिघडतं का. त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि दहा वर्षांतल्या एकाही विनोदाची आठवण काढली नाही. मग माझ्या टेबलावर परत येऊन मी दोन वर्षांपूर्वीचा एक दावा बाहेर काढला. दीड पानाचं वर्णन. पार्सल सुटलेलं होतं, त्यामुळे आता कुणी याला देवाणघेवाण म्हणणार नव्हतं. मी पहिल्यांदाच ते शेवटपर्यंत वाचलं. बुरशीपर्यंत सगळं बरोबर होतं. मी 'ग्राह्य' असं लिहिलं.

संध्याकाळी डबी घेऊन घरी आलो तर बायको ओट्यापाशी उभी होती. पत्र्याचा डबा धुऊन पालथा घातलेला. चिठ्ठीवरचा 'यांना' खोडून तिने 'कुणालाच' लिहिलं होतं. आम्ही बिनसाखरेचा चहा घेतला. तो वाईटच लागला. तो चांगला लागतो असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

"रोज चालायला सांगितलंय," ती म्हणाली. "पण मलाही तुमच्यासारखंच. बिनकामाचं चालणं नाही व्हायचं माझ्याच्याने. लोक विचारतात."

"मग?"

तिने उठून माझ्या कपाटातून मागणीचा कोरा अर्ज आणला, नाव स्वतःचं घातलं, आणि माझं पेन घेतलं. पन्नास ग्रॅम, पातळ दालचिनी. मग 'वस्तूचे वर्णन' ही चौकट आली.

"अगं, तिथे फक्त 'मसाला' लिही," मी घाईघाईने म्हणालो. "एका दिवसात घरी येतं."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या गोल, सावकाश अक्षरात लिहिलं, 'झाडाची वाळलेली साल, औषधी उपयोगासाठी'.

"तुम्ही यायचं बरोबर," ती म्हणाली. "लिफ्ट अजून बंदच आहे ना?"

"बंदच आहे," मी म्हणालो.